जखमींची गाडी आणि सोनाळ्याचे रूळ

अकोला ते खंडवा ही जुनी मीटरगेज गाडी मेळघाटच्या जंगलातून जायची. तिचे ब्रॉडगेज करताना व्याघ्र प्रकल्पाचा गाभा टाळायचा, म्हणून अकोटच्या पुढचा मार्ग हिवरखेड, सोनाळा, जामोद, तुकईथड असा सातपुड्याच्या पायथ्याने वळवून आखण्यात आला. संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याला रूळ येणार म्हटले की कापूस, संत्री आणि शेगावची वारी यांचा हिशेब लगेच मांडला जातो. आजाऱ्याचा आणि जखमीचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडायला हवा, आणि आखणी कागदावर असतानाच मांडायला हवा, असे मला वाटते. याला आधार आहे तो युद्धकाळात धावलेल्या रुग्णगाड्यांच्या इतिहासाचा. अशी गाडी माणसे वाचवते ती डब्यातल्या सोयींच्या बळावर कमी आणि रुळांच्या दोन्ही टोकांना केलेल्या तयारीच्या बळावर अधिक, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसते.

त्यातले सर्वांत कडू उदाहरण आपल्याच माणसांचे आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनच्या लढाईत हजारो सैनिक जखमी झाले. बसऱ्याहून वर जायला तेव्हा रेल्वे नव्हती. मोडलेल्या हाडांची माणसे बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणली गेली आणि पुढे बोटींवर, बोटींना बांधलेल्या पडावांवर दाटीवाटीने टाकली गेली. कित्येक दिवसांनी ‘मेजिदिये’ ही बोट बसऱ्याला लागली. तिच्या कडेने लोंबणारे दोर दिसतात असे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांना लांबून वाटले. जवळ आल्यावर ती वाळलेली विष्ठा निघाली. त्यांनी हे वरिष्ठांना सांगितले तेव्हा त्यांनाच दटावण्यात आले. पुढे चौकशी आयोगाचा अहवाल 1917 मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. या जखमींपैकी जे मुंबईच्या गोदीत जिवंत उतरले त्यांच्यासाठी चित्र एकदम पालटत होते. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या नव्या इमारतीत लष्करी रुग्णालय होते आणि घाट चढून देवळाली-पुण्याच्या लष्करी रुग्णालयांपर्यंत लोहमार्ग तयार होता. शेवटच्या टप्प्याला रूळ आणि खाटा होत्या, पहिल्याला काहीच नव्हते, आणि बहुतेक हाल झाले ते त्या पहिल्या टप्प्यात.

यावर कोणी म्हणेल की हा दोष रेल्वे नसल्याचा, रुग्णगाडीच्या तयारीचा त्यातून काय पुरावा मिळतो? मग फ्रान्सकडे पाहावे. तिथे रुळांचे दाट जाळे होते, तीन थरांच्या खाटा, स्वयंपाकघर आणि औषधांचा डबा असलेल्या खास गाड्याही होत्या. तरी 1 जुलै 1916 रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश फौजेचे 57,470 सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, आणि मागितलेल्या रुग्णगाड्यांपैकी मोजक्याच वेळेवर पोचल्या. आघाडीमागची उपचार केंद्रे तुडुंब भरली, माणसे बाहेर गवतावर पडून राहिली. म्हणजे डबे असून भागत नाही. कोणती गाडी कधी, कुठल्या सायडिंगला उभी राहणार हे आधीच ठरलेले लागते. दुसऱ्या महायुद्धात कोहिमाच्या लढाईतले जखमी रस्त्याने दिमापूरला येत आणि तिथून मीटरगेजच्या गाडीने पश्चिमेकडे निघत. ब्रह्मपुत्रेवर तेव्हा पूल नव्हता, तो 1962 मध्ये झाला. नदीकाठी उतरवा, बोटीवर चढवा, पलीकडे पुन्हा गाडी, पुढे ब्रॉडगेजला पुन्हा बदल. पोटात गोळी लागलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून दर वेळी हलवणे म्हणजे नवी जखमच. सोनाळ्याच्या मार्गाचे ब्रॉडगेज होणे एवढ्यासाठीसुद्धा मोलाचे आहे: अकोल्याहून खंडव्याकडे रुग्णाला गाडी न बदलता नेता येईल.

हेलिकॉप्टरच्या काळात आगगाडी कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. इंफाळला वेढा पडला तेव्हा 1944 मध्येही जखमी विमानानेच हलवले गेले. पहिल्या तासाची लढाई विमान-हेलिकॉप्टरनेच जिंकावी, त्यात गाडीला जागा नाही. पण जखमी शेकड्यांनी येऊ लागले की जवळची रुग्णालये भरतात आणि ती रिकामी केल्याशिवाय नवा जखमी घेता येत नाही. हे काम गाडीचे. युक्रेनमध्ये आकाश धोक्याचे झाले तेव्हा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संघटनेने तिथल्या रेल्वेबरोबर मार्च 2022 अखेर रुग्णगाडी सुरू केली. तिच्यात ऑक्सिजन आणि अतिदक्षतेची सोय असलेला डबा होता आणि तिने पूर्वेचे रुग्ण पश्चिमेला ल्विव्हकडे नेले. रूळ शत्रूला दिसतात हेही खोटे नाही. क्रामातोर्स्कच्या स्थानकावर 8 एप्रिल 2022 रोजी क्षेपणास्त्र पडले आणि गाडीची वाट पाहणारी डझनावारी माणसे गेली. तरीही रुग्णगाड्या थांबल्या नाहीत, कारण तेवढ्या माणसांना झोपवून नेणारे दुसरे साधन हाताशी नव्हते. आणि सरहद्दीपासून सोनाळा फार लांब आहे म्हणणाऱ्यांनी देवळाली आठवावी. बसऱ्यापासून तिचे अंतर किती! जखमीला नेहमी आघाडीपासून लांबच नेतात.

उरतो तो शांततेचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच खरा. कोरोनाकाळात रेल्वेने 2020 मध्ये 5,231 डबे विलगीकरणासाठी बदलले, त्यांतले बहुतेक न वापरता उभे राहिले. नंदुरबारला मात्र 2021 मध्ये ते उपयोगी पडले, कारण तिथे रुग्ण होते, खाटा कमी होत्या आणि जिल्हा प्रशासन डबे मागून घ्यायला पुढे आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कळंबोलीहून विशाखापट्टणमला प्राणवायू आणायला निघालेली पहिली गाडी घाटातल्या बोगद्यांची उंची पुरेना म्हणून वसई, सुरत, भुसावळ असे वळण घेऊन नागपूरकडे गेली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्याच जिल्ह्यातल्या स्थानकांवरून. संकटात कुठला मार्ग कामी येईल हे आधी सांगता येत नाही. शांततेतही गाडीला काम मिळते, हे 16 जुलै 1991 पासून धावणाऱ्या लाइफलाइन एक्सप्रेसने दाखवले आहे. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वेची ही गाडी आठवडेच्या आठवडे एका स्थानकात उभी राहते आणि मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, कानाचे विकार यांच्या शस्त्रक्रिया डब्यातच होतात. पण ती उभी राहायला मोकळी सायडिंग, वीज, पाणी, रुग्ण तपासून पाठवणारे स्थानिक डॉक्टर आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्ण ठेवायला जवळ इमारत लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतले लोक शस्त्रक्रियेसाठी अकोल्याला जातात ते मजुरी बुडवून आणि सोबत घरचे माणूस घेऊन. त्यांच्यासाठी अशी गाडी महिनाभर दारात उभी राहणे ही छोटी गोष्ट नाही.

म्हणून सोनाळ्याच्या स्थानकाची मागणी करताना फक्त किती गाड्या थांबतील एवढेच विचारू नये. सात-आठ डबे महिनाभर उभे राहतील अशी एक वेगळी सायडिंग, तिच्यालगत स्ट्रेचर सरळ आत जाईल इतक्या उंचीचा फलाट, पुरेशा क्षमतेची वीजजोडणी, टाकीचे पाणी आणि रुग्णवाहिका थेट रुळांपर्यंत येईल असा रस्ता, एवढे नकाशात आताच घालता येते. एकदा गिट्टी पडून फलाट बांधून झाला की हेच काम कितीतरी महाग होते आणि बहुधा होतच नाही. मुंबईच्या गोदीत आणि घाटमाथ्यावर सोय होती म्हणून मेसोपोटेमियाचे काही जखमी तरी वाचले, टायग्रिसच्या काठी ती कोणी केली नव्हती. ग्रामपंचायतीने, आमदार-खासदारांनी आणि भागातल्या डॉक्टरांनी ही पाच कलमे रेल्वेकडे लेखी द्यावीत, आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मत त्या पत्राला जोडावे.