भाड्याच्या खोलीतली सौरपेटी

मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली नाका आला की दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं दिसू लागतात. मुंबई-ठाण्यात घरपोच येणारा कितीतरी माल आधी इथल्या गाळ्यांत उतरतो. एकेका गोदामाचा पत्रा एवढा मोठा असतो, की त्यावर अख्ख्या वस्तीला पुरेल एवढी सौरवीज तयार व्हावी. पण या गोदामांत माल चढवणारी, खोकी बांधणारी, रात्रपाळीला जागणारी माणसं राहतात आजूबाजूच्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत. डोक्यावर छप्पर आहे, पण ते त्यांचं नाही. सौरऊर्जेच्या बहुतेक योजना मात्र छपरापासून सुरू होतात.

मीही अशाच खोलीत राहते. आयटीआयमधून वायरमन होऊन मी एका गोदामाच्या देखभालीचं काम बघते. घरी सासूबाईंना दमा आहे. पावसाळ्यात त्यांना नेब्युलायझर लागतो आणि नेमकी पावसाळ्यातच लाइट जाते. म्हणून मी घरीच एक सौरपेटी बांधली. उचलून नेता येईल अशी, खोली बदलली तर सोबत येईल अशी. ती कशी बांधायची, त्याहीपेक्षा बांधण्याआधी काय समजून घ्यायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

छतावरची वीज आणि पेटीतली वीज

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. छतावर सौरसंच बसवणाऱ्या घराला दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ज्याचं घर आणि छप्पर स्वतःचं आहे, त्याने ही योजना जरूर घ्यावी. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी गाव असंच सौरग्राम झालं.

पण एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. छतावरचा नेहमीचा संच वीजवाहिनीशी जोडलेला असतो. लाइट गेली की तोही, भर उन्हात असला तरी, आपोआप बंद पडतो. हा बिघाड नव्हे, ती मुद्दाम केलेली सोय आहे. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला कुणाच्या छतावरून उलट आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून. अंधारात दिवा हवा असेल तर वीज साठवावीच लागते.

असा अंधार फक्त खेड्यापाड्यांत होतो असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिनीचं एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं आणि दुसऱ्यात बिघाड झाला. लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. पडघ्याचं उपकेंद्र आमच्याच भिवंडी तालुक्यात आहे. एवढी मोठी उपकेंद्रं ज्या तालुक्यात आहेत, तिथल्या खोलीतही रात्रीच्या पंख्याची हमी नसते, हे मी रोज बघते.

आधी वही, मग पेटी

पेटी बांधायची म्हटल्यावर लोक आधी बाजारात जातात. मी सांगते, आधी वही घ्या. लाइट गेल्यावर घरात नक्की काय चालायला हवं, ते लिहून काढा. उपकरणाचे वॉट गुणिले तास, म्हणजे लागणारी ऊर्जा वॉट-तासांत. एक हजार वॉट-तास म्हणजे आपल्या बिलावरचं एक युनिट.

आमच्या घरचा हिशोब असा. बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटचा, आठ तास: २४०. नऊ वॉटचे दोन एलईडी दिवे, पाच तास: ९०. वाय-फाय राउटर दहा वॉटचा, आठ तास: ८०. तीन मोबाइल: ४५. नेब्युलायझर १२० वॉटचा, दोन वेळा मिळून अर्धा तास: ६०. एकूण ५१५ वॉट-तास, म्हणजे सुमारे अर्धं युनिट.

अर्ध्या युनिटात एका कुटुंबाची रात्र सुखाची जाते. मी ही बेरीज दाखवते तेव्हा शेजारणींचा विश्वास बसत नाही. पण जुना ७५ वॉटचा पंखा ठेवला, तर एकटा पंखाच आठ तासांत ६०० वॉट-तास घेतो. म्हणून पेटीआधी पंखा बदला. तिथे वाचलेली वीज साठवावीच लागत नाही.

या यादीत गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी आणि एसी बसत नाहीत. फ्रिज चालू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतो, त्यामुळे लहान इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉटच्या आसपास सतत घेतो. माझ्या पेटीवर तो अडीच तासही धड चालणार नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी घरगुती पेटीच्या भरवशावर राहू नये. सिलिंडर तयार ठेवावाच.

पेटीत काय असतं

चार मुख्य भाग: पॅनल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि इन्व्हर्टर.

प्रकाशापासून वीज निर्माण होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकरेल यांनी १८३९ मध्ये पाहिलं. कामाला येईल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवला. तो पडलेल्या उन्हापैकी सहा टक्क्यांचीच वीज करत असे. आज बाजारातलं चांगलं पॅनल वीस टक्क्यांच्या पुढे जातं. पण पॅनलवर लिहिलेले वॉट प्रयोगशाळेतले, २५ अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं आणि प्रत्येक वाढीव अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे बारा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून ठेवू नका, खालून वारा खेळू द्या. आपल्याकडे ते दक्षिणेला तोंड करून सुमारे वीस अंश कललेलं असावं. सावलीला विशेष जपा. दोरीवरच्या एका ओल्या साडीची सावलीसुद्धा पॅनलचा मोठा भाग निकामी करते, कारण त्यातले घट एकामागे एक जोडलेले असतात आणि झाकलेला घट बाकीच्यांचीही वाट अडवतो.

माझ्याकडे शंभर वॉटची दोन पॅनल्स आहेत. दिवसाला पाच तासांचं पूर्ण ऊन आणि तीस टक्के गळती धरली, तर ती ७०० वॉट-तास देतात. गरजेपुरतं भागतं.

बॅटरी हा पेटीचा जीव. मी लिथियम आयर्न फॉस्फेट निवडली. हे रसायन अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आलं. ते मांडणाऱ्या १९९७ च्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कोबाल्ट असलेल्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ही बॅटरी उष्णता जास्त सोसते, सहजी पेट घेत नाही आणि हजारो वेळा चार्ज होते. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. हिच्यातली ऐंशी टक्के वीज निर्धास्त वापरता येते.

हिचा एक सेल ३.२ व्होल्टचा. चार सेल एकामागे एक जोडले की १२.८ व्होल्ट. शंभर अँपिअर-तासांचे सेल घेतले तर १,२८० वॉट-तास साठतात. ऐंशी टक्के वापर आणि इन्व्हर्टरमधली गळती धरून हाती ८७० उरतात. आमच्या घराची दीड रात्र निघते.

सेलवर बीएमएस हवाच. बीएमएस म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर किंवा अडीच व्होल्टच्या खाली जाऊ लागला, की ते बॅटरीची जोडणी तोडतं. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा घ्या. तो पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. त्यात बॅटरीचा प्रकार लिथियम फॉस्फेट असाच निवडा. शिसे-आम्लाची सेटिंग या सेलना मानवत नाही. इन्व्हर्टर ‘प्युअर साइन वेव्ह’चा, ५०० वॉटचा पुरे. स्वस्त इन्व्हर्टरवर पंखे घरघरतात आणि वैद्यकीय उपकरणं बिघडू शकतात.

हे सगळं सामान मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला मिळतं. माझा खर्च तीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान झाला.

बारा व्होल्टला हलकं समजू नका

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरं. पण धोका करंटचा आहे. ५०० वॉट २३० व्होल्टवर घेतले तर सव्वादोन अँपिअर वाहतात. तेच बारा व्होल्टच्या बॅटरीतून घेतले तर गळतीसकट पंचेचाळीस अँपिअर. वीसपट करंट बारीक वायरीतून गेला तर वायर तापते, आवरण वितळतं आणि आग लागते. बॅटरी ते इन्व्हर्टर वायर १६ चौरस मिलिमीटरची, तांब्याची आणि शक्य तितकी आखूड ठेवा. टोकांना लग घाला आणि ते क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून घ्या. पिळून टेप गुंडाळलेला जोड इथे चालत नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच डीसीचा ६० अँपिअर फ्यूज बसवा. पाण्याच्या टाकीला जसा बुडाशीच कॉक असतो, तसा हा फ्यूज. तो लांब बसवला तर मधली वायर उघडी पडून शॉर्ट झाल्यावर करंट अडवायला कुणी राहत नाही. पॅनलच्या वायरीवर डीसीचा वेगळा ब्रेकर हवा. घरातला एसीचा ब्रेकर डीसीची ठिणगी तोडायला पुरा पडत नाही.

काम करताना बांगड्या, अंगठ्या काढा. मंगळसूत्र काढून ठेवा. पान्याला टेप गुंडाळा. चारही सेल एकसारखे, एकाच खेपेचे घ्या आणि जोडण्याआधी मल्टिमीटरवर त्यांचे व्होल्ट जुळवून घ्या. आधी बॅटरी कंट्रोलरला जोडा, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी.

भिवंडीच्या भंगारबाजारात जुन्या गाड्यांचे, लॅपटॉपचे लिथियम सेल किलोवर मिळतात. ते घेऊ नका. फुगलेला, ठोकर लागलेला सेल आत काय घेऊन बसला आहे, हे बाहेरून कळत नाही. गोदामांच्या आगी आमच्या भागाने पुष्कळ पाहिल्या आहेत, घरात त्यांना वाव देऊ नका. पेटी हवेशीर ठेवा, पलंगाखाली, उन्हात किंवा दारात नको. चार्ज होताना धूर किंवा वेगळा वास आला तर विझवत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

आणि एक काम कधीच करू नका: दोन्ही टोकांना पिन असलेली वायर बनवून पेटीची वीज भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडू नका. ती वीज मीटरमधून बाहेर गेली तर खांबावरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. पंखा, दिवे पेटीच्याच सॉकेटला जोडा. घरच्या वायरिंगला हात लावायचा असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा.

पावसाळ्याचं काय?

जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे दिवसेंदिवस ऊन पडत नाही. अडीच तासांचं ऊन धरलं तर दोन पॅनल्स ३५० वॉट-तास देतात. पुरत नाहीत. म्हणून पेटीत १४.६ व्होल्टचा, दहा अँपिअरचा एसी चार्जरही बसवला आहे. लाइट असते तेव्हा तो बॅटरी भरून ठेवतो. पावसाच्या चार महिन्यांत पेटी मुख्यतः साठवणीचं काम करते, उरलेल्या आठ महिन्यांत सूर्य तिला पोसतो.

पैशाचंही स्पष्ट बोलू. दिवसाला अर्धं युनिट म्हणजे महिन्याला पंधरा युनिटं. त्यातून बिल शे-दीडशे रुपयांच्या आसपास कमी होतं. या बचतीतून पेटीची किंमत लवकर वसूल होत नाही. बिल वाचवायचं असेल तर पेटी बांधू नका. रात्री दीड वाजता लाइट गेली तरी सासूबाईंना नेब्युलायझर लावता यावा आणि मुलीचा परीक्षेचा अभ्यास थांबू नये, यासाठी बांधा. आमच्या घरात हे दोन्ही जमलं आहे आणि माझ्या लेखी पैसे वसूल झाले आहेत.

बऱ्याच वर्षांनी बॅटरी थकेल तेव्हा ती कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. खरेदीचं बिल जपून ठेवा.

हे काम सामान्य माणसांचं आहे

आयआयटी मुंबईच्या ‘सोल’ उपक्रमाने शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते दिवे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा अशा राज्यांत गावातल्याच लोकांनी जोडले, विकले आणि दुरुस्त केले. त्यामागे आयआयटीचे प्राध्यापक चेतनसिंह सोलंकी होते. पुढे २०२० मध्ये ते सौरऊर्जेवर चालणाऱ्या बसमधून ‘ऊर्जा स्वराज’ यात्रेला निघाले. गावातल्या बायकांच्या हातांना सोल्डरिंग जमतं, हे या उपक्रमाने सिद्ध केलं. पेटी त्या दिव्याहून मोठी आणि जोखमीची आहे, पण शिकवणारं कुणी शेजारी असेल तर तीही जमते.

म्हणून माझं मागणं आहे. आयटीआयच्या शिक्षकांनी, गणेशोत्सव मंडळांनी, महिला बचत गटांनी वायरमनला सोबत घेऊन असं एक शिबिर भरवावं. दहा घरांनी मिळून सामान घेतलं तर ते स्वस्तही पडेल आणि एकमेकांचे जोड तपासलेही जातील. आणि वाचकांनी आज एवढंच करावं: घरातल्या उपकरणांचे वॉट वहीत लिहून गरज मोजावी. ते आकडे हाती आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.