उपचार हवेत, पण कुलूपही हवं

रेडमंड म्हटलं की आपल्याला मायक्रोसॉफ्ट आठवतं. त्याच गावातल्या किंग काउंटी डिस्ट्रिक्ट कोर्टात दारू पिऊन गाडी चालवल्याचे खटलेही चालतात. वॉशिंग्टन राज्याने १९७५ पासून अशा आरोपींना एक वाट ठेवली आहे. गुन्ह्यामागे व्यसन आहे असं कोर्टापुढे मांडायचं, दोन वर्षं उपचार घ्यायचे, दारू पूर्ण सोडायची. अटी पाळत पाच वर्षं निभावली, तर खटला रद्द.

ऐकायला छान! पण साल्झबर्ग आणि क्लिंगबर्ग या संशोधकांनी १९८३ मध्ये राज्यातल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा उपचारांच्या वाटेने गेलेले चालक रीतसर दोषी ठरलेल्यांपेक्षा पुढे दारूच्या गुन्ह्यांत जास्त अडकलेले दिसले. म्हणजे उपचार फुकट गेले? तसं लगेच म्हणता येत नाही. ही वाट धरणारे मुळातच जास्त पिणारे असू शकतात. या विषयातल्या संशोधनाला अशा असमान तुलनेचं दुखणं कायमचं आहे. १९९५ मध्ये वेल्स-पार्कर आणि सहकाऱ्यांनी २१५ अभ्यास एकत्र तपासले. उपचार आणि समुपदेशनामुळे पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी ७ ते ९ टक्क्यांनी घटल्याचं त्यांना आढळलं. फरक छोटा, पण खरा. नुसत्या व्याख्यानापेक्षा शिक्षण, मानसोपचार आणि नंतरचा पाठपुरावा एकत्र दिल्यास तो वाढतो.

दुसरा उपाय गाडीतच बसतो: इंजिनला कुलूप लावणारं यंत्र. चालकाने नळीत फुंकर मारली की श्वासातल्या अल्कोहोलचं प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होतं आणि अल्कोहोलच्या प्रमाणात वीज निर्माण होते. ती मर्यादेबाहेर गेली तर इंजिन सुरूच होत नाही. वॉशिंग्टनने २००४ मध्ये हे यंत्र पहिल्यांदा दोषी ठरलेल्या सगळ्यांना लागू केलं. तेव्हा अनेकांनी ते बसवलंच नाही, तरी नियम नव्याने लागू झालेल्या या गटात पुनरावृत्ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली. यंत्र काढलं की मात्र परिणाम ओसरतो, हे बहुतेक अभ्यास सांगतात. यंत्र माणसाला अडवतं, व्यसन सोडवत नाही. म्हणून दोन्ही उपाय जोडीने लागतात.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, कैद किंवा दोन्ही आहेत. उपचारांचा उल्लेखही नाही. २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे गाडीच्या अपघात प्रकरणात अल्पवयीन आरोपीच्या जामिनाच्या अटींत समुपदेशन होतं, पण चर्चा गाजली ती ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीची. दुसऱ्यांदा सापडलेल्या चालकाला तरी व्यसनाची तपासणी आणि गाडीतलं यंत्र, दोन्ही सक्तीचं करायला हवं.