न्हाणीघरातील निळी ज्योत पिवळी का होते?

मागे एका थंडीत आमच्या चाळीतील एका घरी सकाळीच धावपळ उडाली. कॉलेजात जाणारी मुलगी आंघोळीला गेली, ती वीस मिनिटे झाली तरी बाहेर येईना. हाकेला ओ नाही. दार तोडले तेव्हा ती फरशीवर पडलेली होती, हातपाय ताठ झाले होते. कोणी म्हणाले फिट आली, कांदा हुंगवा. कोणी चप्पल नाकाशी धरली. एक वडीलधाऱ्या बाई तर ‘बाहेरचे काहीतरी आहे’ असे सांगून मोकळ्या झाल्या. मुलीला गॅलरीत आणल्यावर थोड्या वेळाने ती शुद्धीवर आली.

फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्याने पुन्हा तेच घडले आणि तेही न्हाणीघरातच. या वेळी दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, “आंघोळीचे पाणी कशावर तापवता?” पाणी गॅसच्या गीझरवर तापत होते, आणि गीझर न्हाणीघराच्या आतल्या भिंतीवर होता.

आपल्या देशातील मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांविषयी लिहिले आहे. त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नाव आहे. मुलीला ना मिरगी होती, ना कसली बाधा. कारण भिंतीवर टांगलेले होते.

गॅस जळायला हवा लागते. सिलिंडरमधील एक भाग गॅस पूर्ण जळण्यासाठी सुमारे २४ ते ३१ भाग हवा हवी. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर स्वयंपाकाच्या चार मोठ्या बर्नरइतका तरी गॅस जाळतो. चार फूट बाय सहा फुटांच्या खोलीत दार लावून चार बर्नर पेटवून आपण बसू काय? गीझरच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही.

हे ज्ञान कामगारांच्या मरणातून आले आहे. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन ५७ जण मेले. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मृतदेह तपासून दाखवले, की त्यांतील बहुतेकांचा बळी स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर याच वायूने घेतला. पुढे त्यांच्या सूचनेवरून खाणीत पिंजऱ्यातून लहान पक्षी नेऊ लागले. माणसाच्या आधी पक्षी कोसळे आणि मजूर सावध होत. आपल्या न्हाणीघरात पक्षी नाही. तेथे आपणच खुणा ओळखायच्या आहेत.

पहिली खूण ज्योतीची. ती निळी आणि नेटकी असावी. धूळ जळून क्षणभर नारिंगी ठिणग्या दिसल्या तर भिऊ नये. पण ज्योत सतत पिवळी, लांब आणि डुलणारी दिसली तर गीझर तेव्हाच बंद करावा. दुसरी खूण काजळीची. गीझरच्या पत्र्यावर किंवा वरच्या भिंतीवर काळा डाग धरत असेल, तर गॅस नीट जळत नाही. तिसरी खूण माणसांची. आंघोळीनंतर डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय लटपटतात आणि बाहेर येऊन बसले की बरे वाटते. असे घरातील दोघा-तिघांना होत असेल तर पित्ताला दोष देऊ नये. रक्त कमी असलेल्या बायका, गरोदर भगिनी आणि लहान मुले यांना धोका अधिक.

“वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक” ही समजूत घातक आहे. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

त्या घरी मेकॅनिक दोनदा येऊन गेला होता. ज्योत निळी आहे, मशीन ठीक आहे, असे त्याने सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. पण तो दार उघडे ठेवून पाहत होता. मुलगी आंघोळ करी ती दार लावून, आणि थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला होता. दोष यंत्रात नव्हता, कोंडलेल्या हवेत होता. मात्र दार लावून आत उभे राहून ही परीक्षा कोणीही करू नये.

काही वेळा दोष यंत्रातही असतो. बर्नरमध्ये धूळ व जाळी साचते. पाइपच्या गॅससाठीची जेट सिलिंडरवर जोडली तर गॅस जास्त सुटतो आणि हवा अपुरी पडते. म्हणून गीझर कोणत्या गॅसचा आहे हे पाहूनच तो बसवावा आणि वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा.

उपाय काय? गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत लावावा आणि गरम पाणी नळीने आत घ्यावे. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. वर व खाली असे दोन झरोके कायम उघडे असावेत. आत हवा यायला वाटच नसेल, तर नुसत्या एक्झॉस्ट पंख्याचा भरवसा धरू नये.

कोणी पडलेच, तर दार-खिडक्या उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ला फोन करावा. कांदा, चप्पल यांत वेळ घालवू नये. डॉक्टरांना ‘गॅसचा गीझर आहे’ हे आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेत ऑक्सिजन चांगला असल्याचे दाखवून फसवते. गॅसचा वास आला तर विजेचे बटण न दाबता बाहेर पडून १९०६ला कळवावे.

त्या घरचा गीझर आता गॅलरीत आहे. नळी आणि मजुरीचा खर्च झाला, पण मुलीच्या गोळ्या डॉक्टरांनीच बंद केल्या आणि ती परीक्षेला बसली. वाचक भगिनींनो, आज संध्याकाळी आपल्या न्हाणीघराचा झरोका एकदा पाहा. पुठ्ठा असेल तर तो काढून टाका.