दोनच्या डोक्यावर कोणते चिन्ह?

जुन्या संगणक टर्मिनलचा सुटा कीबोर्ड हाती येतो, तेव्हा पडदा कधीच मोडीत गेलेला असतो, वायर कापलेली असते आणि मागचे लेबल गळून पडलेले असते. नाव शाबूत असले तरी ते पुरेसे नसते, कारण टर्मिनल विकणाऱ्या अनेक कंपन्या कीबोर्ड दुसऱ्यांकडून बनवून घेत. अशा वेळी बटणांवर काय छापले आहे ते वाचावे. सुरुवात २ च्या बटणापासून करावी.

तिथे २ च्या वर दुहेरी अवतरणचिन्ह असेल, ७ च्या वर एकेरी असेल आणि शून्याच्या वर काहीच नसेल, तर तो कीबोर्ड टेलिटाइप या दूरमुद्रकांच्या कुळातला आहे. १९६३ साली ठरलेल्या ॲस्की संकेतावलीत २ चा क्रमांक ५० आणि दुहेरी अवतरणचिन्हाचा ३४. फरक १६ चा, म्हणजे फक्त एका बिटचा. टेलिटाइप मॉडेल ३३ मध्ये शिफ्ट दाबली की यंत्र तेवढा एक बिट बदलत असे. शून्याचा क्रमांक ४८. त्यातून १६ गेले की उरतात ३२, आणि ३२ म्हणजे कोरी जागा. म्हणून शून्याचे डोके रिकामे! किती सुंदर हिशेब आहे हा. जपानी कीबोर्डवर २ आणि ७ ची ही मांडणी आजही दिसते.

याउलट २ च्या वर ॲटचे चिन्ह असेल, तर मूळ टाइपरायटरकडे जाते. आयबीएमच्या १९६१ च्या सिलेक्ट्रिक टाइपरायटरवर ते तिथेच होते.

मग खास बटणे पाहावीत. ‘रब आउट’ हा कागदी पट्टीच्या काळाचा वारसा. पट्टीवर पाडलेले भोक बुजवता येत नसे, म्हणून चुकलेल्या अक्षराच्या ओळीत सगळीच भोके पाडत आणि यंत्र ती ओळ वगळे. सेंटचे चिन्ह आणि ‘पीएफ’ (प्रोग्रॅम फंक्शन) बटणांची लांबलचक रांग एकत्र दिसली, तर आयबीएमच्या मेनफ्रेमचा माग काढावा.

एच, जे, के, एल या अक्षरांवर बाण आणि टिल्डच्या बटणावर ‘होम’ असेल, तर शोध जवळजवळ संपलाच: ते लिअर सिग्लर कंपनीचे १९७६ चे एडीएम-३ए. बाण तिथे का? कंट्रोलसोबत एच दाबले की आठवा संकेत जातो, म्हणजे एक घर मागे. जे दाबले की दहावा, म्हणजे एक ओळ खाली. बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी याच टर्मिनलवर ‘व्हीआय’ हा मजकूर-संपादक प्रोग्रॅम लिहिला. त्यात कर्सर आजही याच चार अक्षरांनी हलतो.

एवढ्यावर भागले नाही, तर स्क्रू काढावेत. बटणाखाली चुंबक आणि हॉल परिणामावर चालणारी चिप असेल, तर हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाचा विचार आधी करावा. आतल्या चिपांवर, म्हणजे आयसींवर, बहुधा चार आकडे असतात: ७८३४ म्हणजे १९७८ चा चौतिसावा आठवडा. सर्वांत नवी तारीख धरावी, कारण कीबोर्ड त्याआधी तयार झालेला असू शकत नाही. मात्र ती आयसी सॉकेटमध्ये बसवलेली असेल किंवा तिच्याभोवतीचे सोल्डरचे डाग इतरांपेक्षा वेगळे दिसत असतील, तर ती नंतर दुरुस्तीत बदललेली असू शकते. मग तिच्याखालोखालची तारीख पाहावी.