दिव्यांग नातेवाईक, आयकर आणि डॉक्टरांचा कागद

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकाचे निदान आम्ही बालरोगतज्ज्ञ करतो, फिजिओथेरपी व वाचोपचाराची दिशा दाखवितो आणि पुढील भेटीची तारीख देतो. खर्च मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. त्याचा थोडा भार शासन करसवलतीच्या रूपाने उचलते, हे सीमाभागातील अनेक पालकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांचे घोडे बहुधा वैद्यकीय कागदापाशी अडते. म्हणून हा विषय केवळ करसल्लागारांवर सोपवून डॉक्टरांनी मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

मूळ तरतूद १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडी ची. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकाच्या उपचारावर, शुश्रूषेवर वा प्रशिक्षणावर खर्च करणाऱ्या करदात्यास उत्पन्नातून ठरावीक वजावट मिळते. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास ती ७५,००० रुपये, ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च याहून कमी झाला तरी वजावट पूर्ण मिळते. २० टक्के दराने कर भरणाऱ्याचे दुसऱ्या प्रकारात उपकरासह २६,००० रुपये वाचतात. दिव्यांग व्यक्ती स्वतः कमावती असल्यास तिच्यासाठी कलम ८०यू आहे. परंतु तिने तो लाभ घेतला तर नातेवाइकास घेता येत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात या कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, मुले, आईवडील, भाऊ आणि बहीण. पुतण्या वा भाचा यांत नाही. चिकोडी-निपाणीकडे थोरला काकाच साऱ्या घराचा खर्च चालवितो अशी कुटुंबे आजही आहेत. त्या काकास स्वतःच्या विवरणपत्रात ही वजावट मिळणार नाही. हिंदू अविभक्त कुटुंब म्हणून स्वतंत्र विवरणपत्र भरले जात असेल, तर मात्र कुटुंबाच्या कोणत्याही अवलंबून दिव्यांग सदस्यासाठी ती त्या कुटुंबास मिळते.

येथे एक अडसर आहे. ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास तशी निवड करावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर उरत नाही, म्हणून तेवढ्या उत्पन्नाच्या पालकास या वजावटीची गरजही नाही. त्यापुढील उत्पन्न असल्यास, विशेषतः गृहकर्ज चालू असल्यास, दोन्ही हिशेब करून पाहावेत.

दुसरी एक तरतूद दोन्ही पद्धतींत उपयोगी पडते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेवीचे व्याज एरवी आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळविले जाते. कायद्यात बसणारे दिव्यांगत्व असलेले मूल त्यास अपवाद आहे. त्याचे व्याज त्याचेच उत्पन्न धरले जाते. आजोबांनी नातवाच्या नावे रक्कम ठेवली असेल तर त्याचा पॅन काढावा.

आता कागदाविषयी. कोल्हापूर वा मिरजेच्या खासगी रुग्णालयाचे निदानपत्र म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नव्हे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, तर बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे उपचार तिकडे होतात आणि प्रमाणपत्राचे राहून जाते. युडीआयडी संकेतस्थळावर अर्ज करून अधिकृत वैद्यकीय प्राधिकरणाकडे तपासणी करवून घ्यावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे. कर्नाटकातले म्हणून महाराष्ट्रात नाकारता येत नाही.

आमच्या व्यवसायबंधूंनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी १९६२ च्या आयकर नियमांनी फॉर्म १०-आयए हा वेगळा नमुना ठरविला. त्यावर सही चालते ती न्यूरॉलॉजिस्टची, मुलांच्या बाबतीत बाल-न्यूरॉलॉजिस्टची, अथवा शासकीय रुग्णालयाच्या सिव्हिल सर्जन वा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याची. केवळ बालरोगशास्त्रातील एम.डी. असलेल्याची सही त्यात बसत नाही. पालकांना हे पहिल्याच भेटीत सांगितले तर त्यांचा एक हेलपाटा वाचतो. तसेच लहान मुलांची प्रमाणपत्रे पुष्कळदा तात्पुरती असतात. मुदत ज्या वर्षी संपते त्यानंतरच्या वर्षांसाठी नवे प्रमाणपत्र नसल्यास वजावट नाही. ती तारीख आपल्या केसपेपरवर लिहून ठेवण्यास काय हरकत आहे?

व्यवसाय कराची रक्कम वर्षाला अडीच हजारांच्या आतबाहेर, म्हणून कोणी विचारीत नाही. ४० टक्के कायम दिव्यांगत्व असलेल्या नोकरदारास दोन्ही राज्यांत सूट आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या पालकांनाही आहे. निपाणीत राहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्यांनी ती कार्यालयात मागावी.

'आमच्यामागे याचे काय?' हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. ८०डीडी खालील विमा योजनेत पैसे भरता येतात, पण पूर्वी मुलास त्याचे वर्षासन पालकाच्या मृत्यूनंतरच मिळे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१९ च्या निकालात न्यायालयाने अट रद्द केली नाही, परंतु केंद्र सरकारने फेरविचार करावा असे सुचविले. २०२२ च्या वित्त कायद्याने बदल झाला. आता पालक साठ वर्षांचा झाला आणि हप्ते भरणे थांबले की त्याच्या हयातीतच मुलास वर्षासन सुरू होऊ शकते.