लेकरू परदेशी, सणाचे ताट कुठे?

मोरगाव, सुपे हा बारामती तालुक्यातला जिरायती पट्टा. इथे रोजची भाकर बाजरीची, गोडधोड सणासुदीलाच. १४ एप्रिलला किंवा वैशाख पौर्णिमेला खीर शिजली, की आईला पहिली आठवण येते ती घरात नसलेल्या लेकराची. पुण्यात असेल तर डबा तरी धाडता येतो. पण लंडनला असेल तर? तिकडे लेकराच्या मनातही येते, ‘बाबासाहेब इथे अर्धपोटी शिकले. आपण मजेत जेवावे का?’

बाबासाहेब जुलै १९२० मध्ये दुसऱ्यांदा शिकायला निघाले. जवळ थोडी शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. सकाळी पावाचा तुकडा नि चहा, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री अभ्यासात भूक लागली की पापड आणि कपभर दूध. इकडे परळच्या चाळीत रमाई ओढगस्तीत संसार रेटत होत्या. अशा स्थितीत त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

बंधू-भगिनींनो, ती उपासमार हौसेची नव्हती, पैसा नव्हता म्हणून होती. पुढच्या पिढीनेही उपाशी राहावे, असा तिचा अर्थ काढू नये. आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलामुलींना शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. तो जपून खर्चावा. पण पोट मारून नव्हे. सणाला तरी चारचौघांत बसून जेवावे. परक्या मुलखात एकटेपणा अभ्यासालाही बाधतो.

नव्या मुलाला सर्वांत जड जातो तो २५ डिसेंबर. लंडनमध्ये त्या दिवशी भुयारी रेल्वे आणि बस धावत नाहीत, मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात आणि वसतिगृह रिकामे होते. आपल्याला तर ही तारीख महाडची, १९२७ च्या मनुस्मृती दहनाची. म्हणून आदल्या दिवशीच डाळ-तांदूळ, भाजी, दूध आणून ठेवावे. मित्रांना मुक्कामालाच बोलवावे. एकाने भात, एकाने कालवण, एकाने खीर करावी. शेजारच्या खोलीत दुसऱ्या देशाचे कोणी एकटे असेल, तर त्यालाही पंगतीला घ्यावे.

घरून काय द्यावे? तूप, खवा, पेढे, मटण भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. त्याऐवजी शेवया, मेतकूट, तिळाची चटणी, पापड द्यावेत. शेवया कोरड्या भाजून द्याव्यात. तिथले लिटरभर दूध थोडे आटवून त्यात मूठभर शेवया शिजवाव्यात. शिजल्यावर अर्धी वाटी साखर नि वेलची घातली, की चौघांची खीर होते.

जयंतीला एक युक्ती करावी. एप्रिलमध्ये लंडनचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. मोरगावात रात्री आठला ताटे वाढली की तिकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. फोनवर एकमेकांना बघत दोन्हीकडे एकाच वेळी जेवायला बसावे. आईने ‘पोटभर जेव बाळा’ एवढेच म्हणावे. आणि दोन्ही ताटांत, बाबासाहेबांच्या आठवणीचा, एक पापड असावा.