आष्टीच्या उन्हात डब्यांतली भाजी

बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका पर्जन्यछायेत येतो. पाणी जपून वापरावे लागते, म्हणून अंगणातली भाजी डब्यात लावणे इथे फार सोयीचे. जमिनीत मुरून जाणारे पाणी डब्यात मुळांपाशीच राहते.

मेथी, पालक, कोथिंबीर यांना 6 इंच खोली पुरते. वांगी, मिरची, टोमॅटोला किमान 12 इंच हवी. 15 किलो तेलाचा रिकामा डबा यासाठी उत्तम. तळाला चार-पाच भोके पाडून त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत. पत्रा तापून मुळे भाजतात, म्हणून बाहेरून चुना लावावा.

खरी मेख मातीत आहे. नुसती काळी माती भरली तर ती पाण्याने चिकट होते आणि वाळली की भेगाळून डब्याच्या कडा सोडते. मग ओतलेले पाणी कडेने थेट खाली निघून जाते. त्यामुळे माती आणि चांगले कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे घेऊन त्यात थोडी वाळू मिसळावी. वर दोन बोटे उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरला की ओल टिकते.

धणे रगडून, दोन फाका करून पेरावेत. पालेभाज्या दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत छान येतात. उन्हाळ्यात मात्र गवार आणि भेंडीच तग धरतात, त्यांनाही दुपारी हिरव्या जाळीची सावली द्यावी. मावा दिसताच 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारावी.

पेरलेली मेथी महिन्याभरात काढणीला येते.